ग्राहकाच्या प्रवासाचा नकाशा भिंतीवरून निर्णयापर्यंत कसा न्यायचा?

आखणीकार (धागाकर्ता)

कस्टमर जर्नी मॅप बनवणाऱ्या बऱ्याच टीम मी जवळून पाहिल्या आहेत. काम साधारण सारखंच चालतं. वेगवेगळ्या विभागांतली माणसं एका खोलीत जमतात, भिंतीवर लांब कागद लागतो, रंगीत चिठ्ठ्या चिकटतात, ग्राहक कुठे खूश आणि कुठे वैतागलेला हे दाखवणारी वरखाली रेषा निघते. सगळ्यांना पटतं. मग डिझायनर तो नकाशा देखणा करून छापून आणतो. पुढच्या तिमाहीत विचारावं की यामुळे कंपनीने कोणता निर्णय बदलला, तर उत्तर मिळत नाही. या पद्धतीबद्दल मला मनापासून आस्था आहे, म्हणूनच हे खटकतं.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात: नकाशावर आडवे टप्पे असतात. गरज जाणवणं, शोधाशोध, तुलना, खरेदी, पहिला वापर, अडचण, मदत, आणि पुढे पुन्हा येणं किंवा सोडून जाणं. प्रत्येक टप्प्याखाली त्या वेळी माणूस काय करतो, कुणाशी वा कशाशी त्याचा संबंध येतो, त्याच्या मनात कोणते प्रश्न असतात, त्याला काय वाटतं, हे लिहायचं.

पद्धतीची ताकद दाखवणारं माझं आवडतं उदाहरण अमेरिकेतल्या ॲमट्रॅक या रेल्वे कंपनीचं. ‘असेला’ या वेगवान गाडीसाठी आयडिओ या डिझाइन कंपनीकडे काम आलं, तेव्हा मूळ अपेक्षा डब्यातल्या आसनांची होती. त्यांनी प्रवाशाचा सगळा अनुभव मांडला: गाडीबद्दल कळणं, बेत आखणं, घरून निघणं, स्थानकात शिरणं, तिकीट, थांबणं, चढणं, प्रवास, उतरणं आणि पुढे जाणं. असे दहा टप्पे. प्रवासी आसनावर बसतो तो आठव्या टप्प्याला. म्हणजे मत बनवायला त्याला आधीचे सात टप्पे मिळतात, आणि तिथे आसन कितीही चांगलं असलं तरी उपयोगाचं नसतं. गाडी डिसेंबर २००० मध्ये सुरू झाली. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की नकाशामुळे कामाची व्याप्तीच बदलली. आसनाचं कापड कुठलं, हा प्रश्न मागे पडला आणि स्थानकावर काय घडतं हा प्रश्न पुढे आला.

आपल्याकडचे बहुतेक नकाशे इथवर पोचत नाहीत, कारण ते भावनेपाशी थांबतात. समजा, पैसे भरल्यानंतरच्या टप्प्याखाली ‘ग्राहक अस्वस्थ’ अशी चिठ्ठी लागली. डिझायनर म्हणतो, धीर देणारा संदेश टाकू. पण अस्वस्थतेचं मूळ असं असतं की पैशांची आणि ऑर्डरची नोंद दोन वेगळ्या सिस्टिममध्ये होते आणि त्यांचा मेळ रात्री एकदाच बसतो. सकाळपर्यंत ‘ऑर्डर पक्की’ असं सांगणं कुणालाच शक्य नसतं. तो मेळ दर तासाला बसवायचा का, हे ठरवू शकणारा माणूस त्या खोलीत नसतो.

म्हणून माझा आग्रह असा: नकाशावरच्या प्रत्येक दुखऱ्या जागेखाली कंपनीच्या आतलं कारण लिहा, आणि ते कारण हलवण्याचा अधिकार कोणत्या पदाला आहे तेही लिहा. हे लिहिता येत नसेल तर नकाशा अजून अपुरा आहे.

ज्यांनी हे काम केलंय, ज्यांच्यावर हे काम लादलं गेलंय, ज्यांना यासाठी पैसे मंजूर करावे लागतात, अशा सगळ्यांनी लिहा.

निळीशाई

विषय चांगला काढलात. संशोधनाच्या बाजूने भर घालते.

खोलीत बसून केलेला नकाशा हा कंपनीला ग्राहकाबद्दल काय वाटतं याचा नकाशा असतो. सुरुवातीला अंदाज मांडायला तो जरूर करावा, पण त्यावर ठळक अक्षरांत ‘गृहीतकं’ असं लिहून ठेवावं. नंतर माणसांना भेटावं. भेटल्यावर ‘तुम्ही काय कराल’ हे विचारू नये. ‘मागच्या वेळी काय केलंत’ हे विचारावं, आणि तेही क्रमाने. आधी कुणाला विचारलंत, मग काय उघडलंत, कुठे थांबलात, कागद कुठून आणलात. शक्य असेल तर त्यांचे ईमेल, मेसेज, पावत्या समोर ठेवून बोलावं. ‘लगेच झालं’ असं सांगणाऱ्या माणसाच्या ईमेलमध्ये लांबलचक पत्रव्यवहार निघतो.

आठवण आणि प्रत्यक्ष अनुभव यांतला फरक हा या कामातला सगळ्यात अवघड भाग आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांचा १९९३ चा प्रयोग बघा. लोकांनी एकदा ६० सेकंद १४ अंशाच्या गार पाण्यात हात धरला. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३०, ज्यात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलं. पुन्हा करायचं तर कोणतं, असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबचा, म्हणजे एकूण जास्त त्रासाचा, पर्याय निवडला, कारण त्याचा शेवट बरा होता. तीव्र क्षण आणि शेवट यांवर आठवण उभी राहते. म्हणून मुलाखतीतून निघालेली भावनांची रेषा ही आठवणीची रेषा असते. प्रत्यक्ष घडताना काय वाटलं हे हवं असेल तर त्या त्या वेळी नोंद करायला सांगावं किंवा स्वतः सोबत जाऊन पाहावं. धंद्यासाठी दोन्ही लागतात: माणूस परत येईल की नाही ते आठवण ठरवते, आणि मधूनच सोडून जाईल की नाही ते त्या क्षणावर ठरतं.

आणखी एक. ‘पाच माणसं पुरतात’ हे वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब निल्सन यांचं वाक्य लोक इथेही वापरतात. ते एखाद्या स्क्रीनच्या वापरसुलभतेच्या चाचणीबद्दल आहे. महिनोन्‌महिने चालणाऱ्या प्रवासाला ते लावू नये. पहिल्यांदा येणारा, तक्रार घेऊन परतलेला, अर्ध्यात सोडून गेलेला, दुसऱ्याच्या वतीने आलेला, या प्रत्येकाचा रस्ता वेगळा असतो.

वाचनमात्र

वाचतोय. ‘आतलं कारण’ म्हणजे सर्व्हिस ब्लूप्रिंट म्हणतात तेच ना? मग नकाशा आणि ब्लूप्रिंट दोन्ही करायचे का?

आखणीकार

हो, मूळ तेच. बँकिंगमध्ये काम करणाऱ्या लिन शोस्टॅक यांनी १९८४ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये ते मांडलं. बूट पॉलिशसारख्या साध्या सेवेची आकृती काढून त्यांनी दाखवलं की ग्राहकाला दिसणारं काम आणि पडद्याआडचं काम यांच्यात एक रेषा आखता येते, आणि चुका कुठे होऊ शकतात हे आधीच दाखवता येतं. माझ्या मते दोन वेगळी कागदपत्रं करू नयेत. वेगळी केली की वरचा भाग डिझाइनकडे जातो, खालचा ऑपरेशन्सकडे, आणि दोघांची गाठ पडत नाही. एकाच कागदावर वर ग्राहक, खाली कंपनी, मध्ये ती रेषा.

दुसरी_खिडकी

मी एका विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात आहे. दिवसभर ग्राहकांशी बोलते. आमच्यासारख्यांना नकाशाच्या खोलीत सहसा बोलावत नाहीत, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आमच्याकडे येणाऱ्या फोनमध्ये सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारा प्रश्न: ‘माझ्या दाव्याचं काय झालं?’ ब्रिटनमधले व्यवस्थापन सल्लागार जॉन सेडन अशा मागणीला ‘फेल्युअर डिमांड’ म्हणतात. म्हणजे ग्राहकाला फोन करायचा नसतो. कंपनीने काहीतरी केलं नाही किंवा नीट केलं नाही म्हणून तो करावा लागतो. हे ऐकल्यावर मला आमचं काम वेगळ्याच नजरेने दिसू लागलं. कारण कंपनी आमचं मोजते काय, तर फोन किती लवकर उचलला आणि किती मिनिटांत संपवला. मग कल फोन आटोपण्याकडे जातो. अर्धवट उत्तर मिळालेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करतो आणि तोही लवकर आटोपतो. तक्त्यात दोन उत्तम फोन दिसतात.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. सगळी यादी एकदम सांगितली जात नाही. पहिला विभाग एक कागद मागतो. तो आला की तपासणीवाले दुसरा मागतात. तो आला की वैद्यकीय बाजू तिसरा. प्रत्येक वेळी कागद मागितला की त्या विभागाचं घड्याळ थांबतं, कारण आता चेंडू ग्राहकाकडे असं धरतात. त्यामुळे अहवालात दावा मुदतीत निकाली निघालेला असतो, आणि त्या घरात मात्र ऋतू बदललेला असतो. दोन्ही खरं आहे. कंपनीचं घड्याळ तिच्या कामाचा वेळ मोजतं, ग्राहकाचं घड्याळ कधीच थांबत नाही.

तुमच्या नकाशात एक ओळ वाढवा अशी माझी मागणी आहे: प्रत्येक टप्प्याखाली ग्राहकाच्या घड्याळाने किती वेळ गेला. त्याच्याखाली कंपनीच्या घड्याळाने किती. जिथे दोन आकड्यांत मोठी तफावत दिसेल तिथे आधी जा. यासाठी मुलाखतीही लागत नाहीत, नोंदी असतातच.

आणि खिडकीवरच्या, फोनवरच्या माणसांना विचारा. ग्राहकाला काय म्हणायचंय, तो कुठे अडतो, कोणता फॉर्म सगळेच चुकीचा भरतात, हे आम्हाला पाठ असतं. आम्ही मार्गही काढलेले असतात. मी स्वतः पहिल्याच फोनला तिन्ही विभागांचे कागद सांगून टाकते. नियमात ते कुठेही लिहिलेलं नाही.

निळीशाई

@दुसरी_खिडकी, शेवटचा मुद्दा सोन्यासारखा आहे. कर्मचारी स्वतःहून काढतात त्या वाटा टिपायला नकाशावर वेगळी खूण हवी. जिथे अशी खूण दिसते तिथे प्रक्रिया मोडलेली आहे आणि उपायही कुणीतरी आधीच तपासलेला आहे.

ताळेबंद

मी पैसे मंजूर करणाऱ्यांच्या बाजूला बसतो. नकाशा घेऊन माणसं येतात, रेषा खाली गेलेली दाखवतात आणि म्हणतात इथे गुंतवणूक हवी. मी विचारतो, ही रेषा वर गेली तर काय बदलेल? त्यावर ‘समाधान वाढेल, एनपीएस (नेट प्रमोटर स्कोअर, ग्राहक किती शिफारस करतील याचा आकडा) वाढेल’ असं उत्तर येतं. एवढ्यावर मी दुसऱ्या विभागाचा निधी कापू शकत नाही. मला ग्राहकाची पर्वा नाही असं समजू नये. मला दोन दुखऱ्या जागांमध्ये निवड करायची असते आणि भावनांची रेषा त्या दोघींना सारखीच खाली दाखवते.

आखणीकार

@ताळेबंद, हा प्रश्न रास्त आहे आणि आमच्या क्षेत्राने तो बराच काळ टाळला आहे.

एनपीएसबद्दल आधी. व्यवस्थापन सल्लागार फ्रेड रायकेल्ड यांनी २००३ मध्ये तो मांडला. शिफारस कराल का, ० ते १०. ९-१० वाल्यांच्या टक्केवारीतून ० ते ६ वाल्यांची वजा करायची. कंपनीची एकूण दिशा बघायला ठीक. पण दोन दुखऱ्या जागांमध्ये निवड करायला तो आकडा कामाचा नाही, कारण त्यात कोणता टप्पा बोलतोय ते कळत नाही. त्यातून कर्मचाऱ्यांचा बोनस त्याला बांधला की ‘दहा द्या हं’ अशी विनवणी सुरू होते आणि आकडा ग्राहकाबद्दल काहीच सांगेनासा होतो.

माझी पद्धत अशी. दुखऱ्या जागेचा खर्च आज कुठे दिसतो ते शोधायचं. दुसरी_खिडकी यांचंच उदाहरण: ‘काय झालं’ विचारणारे फोन किती, एका फोनचा खर्च किती, हे कंपनीला आधीच माहीत असतं. परत आलेला माल, पुन्हा तपासलेले अर्ज, अर्ध्यात सोडलेल्या नोंदण्या, पहिल्या वापरानंतर बंद पडलेली खाती, हेही असंच. हा पैसा आज खर्च होतोच आहे, फक्त तो अनेक विभागांच्या खात्यांत विखुरलेला असल्याने एका जागी दिसत नाही. नकाशा तो एकत्र आणतो. उत्पन्न वाढेल असं आश्वासन मी कधीच देत नाही. चालू गळती दाखवतो आणि एक छोटा बदल एका गटावर करून बघायची परवानगी मागतो.

सगळं पैशात येत नाही हेही मान्य. यान कार्लझन यांनी एसएएस ही विमान कंपनी १९८१ मध्ये हाती घेतली. त्यांचा हिशेब प्रसिद्ध आहे: वर्षाला एक कोटी प्रवासी, प्रत्येकाची सुमारे पाच कर्मचाऱ्यांशी गाठ, प्रत्येक गाठ साधारण १५ सेकंदांची. म्हणजे वर्षाला पाच कोटी क्षण. ते क्षण वरिष्ठांच्या हातात नसतात, म्हणून निर्णयाचा अधिकार समोरच्या कर्मचाऱ्याकडे दिला पाहिजे, हा त्यांचा निष्कर्ष. अशा निर्णयाला निधी फारसा लागत नाही, धैर्य लागतं.

ताळेबंद

‘चालू गळती’ ही मांडणी मला चालेल. कुणी अशी घेऊन आलं तर मी नक्की बसून ऐकेन.

वाचनमात्र

एक शंका. ह्यूस्टन विमानतळाची गोष्ट नेहमी सांगतात. सामानाला उशीर होतो अशा तक्रारी होत्या. माणसं वाढवून सरासरी वेळ ८ मिनिटांवर आणला, तरी तक्रारी थांबल्या नाहीत. पाहिलं तर विमानापासून सामानाच्या पट्ट्यापर्यंत चालायला एक मिनिट आणि तिथे उभं राहायला सात. मग विमानं दूर उभी केली आणि सामान सर्वात लांबच्या पट्ट्यावर पाठवलं. चालणं सहापट झालं आणि तक्रारी जवळपास संपल्या. हे चांगलं डिझाइन की फसवणूक?

निळीशाई

माझ्या मते चांगलं डिझाइन. सेवाव्यवसायांचे अभ्यासक डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्येच लिहिलंय की रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा मोठा वाटतो, आणि किती थांबायचं हे ठाऊक नसेल तर आणखी मोठा. माणसाला वाटणारा त्रास खरा असतो. तो कमी झाला.

दुसरी_खिडकी

मला पटत नाही. गुडघेदुखी असलेल्या प्रवाशाला सहापट चालवलं. त्याने तक्रार केली नसेल, कारण चालण्याबद्दल तक्रार करायची पद्धत नसते. तक्रारी थांबल्या म्हणजे त्रास थांबला असं धरणं धोक्याचं आहे. आमच्याकडेही तक्रारीचा फॉर्म अवघड केला की तक्रारी कमी होतात.

आखणीकार

मी दुसरी_खिडकी यांच्या बाजूने झुकतो, एका फरकाने. तिथे आधी माणसं वाढवून प्रत्यक्ष वेळ कमी केला होता. ती पायरी गाळून थेट मनाचं समाधान करायला गेलं तर ते चुकीचंच. मी ग्राहकाला दिसेल असा उपाय मांडतो तेव्हा एक कसोटी लावतो: आपण काय केलं हे ग्राहकाला उघड सांगता येईल का? ‘तुमचा अर्ज तपासणीत आहे, गुरुवारपर्यंत कळवू’ हे सांगता येतं. ‘तुम्हाला कंटाळा येऊ नये म्हणून लांब चालवलं’ हे सांगायला जीभ अडखळते.

निळीशाई

कसोटी मान्य. गुडघ्यांचा मुद्दाही मान्य, तो माझ्या विचारात आला नव्हता.

दोघींचा_उद्योग

आम्ही दोघी मिळून ऑर्डरप्रमाणे वस्तू बनवून विकतो. विभाग नाहीत, सिस्टिम नाही, संशोधक नाही. आमच्यासाठी यात काही आहे का?

आखणीकार

भरपूर आहे, आणि नकाशा काढायचीही गरज नाही. नुकतीच पूर्ण झालेली एक ऑर्डर घ्या. पहिल्या मेसेजपासून वस्तू हातात पडेपर्यंतचा सगळा संवाद वेळेसह एका कागदावर उतरवा. ग्राहकाने दोनदा विचारलेले प्रश्न अधोरेखित करा. तुम्ही गप्प होतात तो काळ वेगळ्या रंगाने दाखवा. मग अशाच तऱ्हेने एक अर्ध्यात सुटलेली ऑर्डर उतरवा. दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर काय बदलायचं हे तुम्हा दोघींना माझ्यापेक्षा चांगलं कळेल. शिवाय तुमच्याकडे अधिकार असलेला माणूस खोलीतच असतो, मोठ्या कंपन्यांना हे कधी साधत नाही.

ताळेबंद

व्यूहरचनेबद्दल कुणी बोललेलं नाही, म्हणून विचारतो. प्रत्येक खालची जागा भरत बसलो तर सगळीकडे सरासरी कंपनी तयार होईल. त्याचं काय?

आखणीकार

मला या धाग्यात सगळ्यात जास्त ज्यावर बोलायचं होतं तो हा मुद्दा. रेषा खाली गेली म्हणजे दुरुस्ती हवीच असं नाही. आयकियाचा प्रवास काढा. ग्राहक गोदामासारख्या रांगांतून स्वतः खोकी उचलतो, घरी नेतो, स्वतः जोडतो. कुठल्याही सामान्य नकाशावर हे टप्पे खोल खड्डे दिसतील. पण सपाट खोक्यातली वाहतूक आणि ग्राहकाचे श्रम यांतूनच त्यांची कमी किंमत येते. तो खड्डा भरला तर धंद्याचा पायाच बदलेल. त्यांचं काम एवढंच की खड्डा जाणूनबुजून ठेवलेला असावा, ग्राहकाला आधी ठाऊक असावा आणि त्याबदल्यात काय मिळतंय ते स्पष्ट असावं.

म्हणून नकाशावर दुखऱ्या जागांचे गट पाडताना ‘हे आपण स्वीकारतो’ असाही गट हवा, आणि त्याखाली वरिष्ठांची सही. जपानी गुणवत्तातज्ज्ञ नोरिआकी कानो यांची १९८४ ची मांडणी इथे उपयोगी पडते. काही गोष्टी असल्या तर कुणी कौतुक करत नाही, पण नसल्या तर राग येतो; काही जितक्या द्याल तितकं समाधान वाढतं; काही अनपेक्षित आनंद देतात. पहिल्या प्रकारात कधी ‘स्वीकारतो’ म्हणू नये. पैसे सुरक्षित असणं, ठरलेल्या दिवशी वस्तू पोचणं, चूक झाल्यावर माणूस भेटणं, यांत सवलत नाही. आणि आजचा अनपेक्षित आनंद काही वर्षांत पहिल्या प्रकारात जाऊन बसतो, त्यामुळे हे गट दरवर्षी पुन्हा तपासावे लागतात.

दुसरी_खिडकी

एक टप्पा कुणाच्याच नकाशात दिसत नाही, तो सांगते. ग्राहक वारल्यानंतरचा. खातं किंवा पॉलिसी ज्याच्या नावावर आहे, तो आता हयात नाही, आणि समोर त्याची बायको, मुलगा, बहीण आहे. सिस्टिम तिला ग्राहक मानत नाही, म्हणून स्थिती सांगत नाही. मेसेज अजून वारलेल्या माणसाच्या नंबरवर जात राहतात, कधी हप्ता भरण्याची आठवणही. तिला प्रत्येक फोनवर ‘ते वारले’ हे नव्याने सांगावं लागतं. मृत्यू दाखल्याची प्रत एका विभागाला दिली तरी दुसरा पुन्हा मागतो. यातलं बरंचसं एका नोंदीने थांबेल: मृत्यूची माहिती एकदा घेतली की सगळ्या विभागांना दिसावी आणि त्या नंबरवरचे मेसेज बंद व्हावेत. पण नकाशा ‘नवे ग्राहक’ आणि ‘टिकवायचे ग्राहक’ यांच्यासाठी निघतो, त्यामुळे या टप्प्याचा मालकच नसतो.

निळीशाई

हे आम्ही कधी पाहिलंच नाही, कारण मुलाखतीसाठी यादी मागितली की चालू ग्राहकांची मिळते. हा टप्पा अभ्यासायला लगेच कुटुंबांना गाठू नये. आधी बंद झालेल्या प्रकरणांचा पत्रव्यवहार वाचावा, मग ते हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांशी बोलावं, आणि काही महिने उलटल्यावर, स्वखुशीने तयार असतील त्यांच्याशीच बोलावं. @दुसरी_खिडकी, तुमच्या परवानगीने ‘दोन घड्याळांची’ ओळ मी पुढच्या कामात वापरते आहे.

दुसरी_खिडकी

जरूर वापरा. सुरुवात या शेवटच्या टप्प्यापासून केलीत तर मला अधिक बरं वाटेल. काय निघालं ते इथेच लिहा, आमच्या विभागप्रमुखांना दाखवायला मला ते हवं आहे.